अण्णांना तळ बघायचा होता

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चाळीस वर्षं विहिरींचे तळ गाठले. पण त्यातला एकही तळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, हे मला कळायला माझ्या वयाची एक्केचाळीस वर्षं जावी लागली. तेही कळलं ते मंचरच्या माझ्या घरी, जेवणाच्या वेळी. समताने, माझ्या मुलीने, मॉरिशसच्या सहलीचं माहितीपत्रक ताटाशेजारी पसरलं होतं आणि त्यात एका पांढऱ्या पाणबुडीचा फोटो होता.

"ह्यात बसून खाली जायाचं?" अण्णांनी विचारलं.

"हो आजोबा. ओलं व्हायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. खिडकीतून समुद्राचा तळ दिसतो."

"डोळ्यानं?"

"मग कशानं?"

अण्णा खरकट्या हाताने तसेच बसून राहिले. "मला येकदा तळ बघायचाय," ते म्हणाले. "आपल्याकडं धा-बारा हात खाली गेलं का अंधार. डोळं उघडावं तर गाळ जातो. सगळं हातानंच चाचपायचं. तळ कसा असतो ते मला अजून ठाव न्हाई."

ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःहून चहासुद्धा मागितला नाही, तो काहीतरी मागत होता. मी दुसऱ्याच दिवशी नारायणगावच्या एजंटाकडे पाच जणांचे पैसे भरले: अण्णा, आई, आमचे हे, समता आणि मी. हे शाळामास्तर, म्हणाले, "यशोधरा, कोकणात गेलो असतो तरी समुद्र तोच आहे." मी म्हटलं, कोकणात पाणबुडी नाही. विषय संपला.

आमचं गाव ओतूर-डिंगोऱ्याच्या बाजूला. अण्णांना, खंडूला, सगळा टापू ओळखायचा. कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, कळशी पडली, बैल पडला, माणूस पडलं, की खंडूला बोलवा. कमरेला दोर, हातात बुडण्यासाठी धोंडा, छातीत एक श्वास. परत येताना मुठीत तळाचा गाळ आणायचा, नाहीतर मालक म्हणायचा, हा मधूनच वर आला. या धंद्यात त्यांचा डावा कान कायमचा गेला. पण आईला विचाराल तर तिचं दुःख वेगळंच. ती म्हणते, "माजा जलम ह्यांची ओली कापडं वाळवण्यात गेला."

आता जे सांगायचं ते सांगतेच. आमच्या आजोबांना गावच्या बागाईतदारांच्या विहिरीच्या काठाला हात लावायची परवानगी नव्हती. वरून कुणी ओतलं तर पाणी प्यायचं. त्याच विहिरीत कुत्रं मेलं की मात्र आमच्याच घरातला माणूस तळापर्यंत उतरलेला चालायचा. काठाला विटाळ आणि तळाला नाही, हा कुठला शास्त्रार्थ, मला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, पुढे विहिरीला हात लागायला लागले, पण अण्णांची हाक तीच राहिली. चार वर्षांचं पोरही त्यांना "ए खंड्या" म्हणायचं.

आणि मग ९१ सालची गोष्ट. सयाजी पाटील तेव्हा सरपंच. त्यांच्या धाकट्या भावाची बायको साळुबाई आश्विनात विहिरीच्या पायरीवरून घसरली. विहीर तुडुंब, चाळीस फूट रुंद, पाणी नुसतं गढूळ. अण्णा शेजारच्याच शेतात फुटव्हॉल्व्ह काढत होते. ओल्या अंगाने धावत गेले. पहिल्या बुडीला उजव्या अंगाने शोधलं, काही नाही. दुसऱ्या बुडीला मधोमध. तिसऱ्या बुडीला डाव्या कपारीशी तिचे केस हाताला लागले. वर काढली तेव्हा धुगधुगी होती. जीप ओतूरला पोचायच्या आत ती संपली, आणि डॉक्टर म्हणाले, पाण्यातून पाच मिनिटं आधी निघाली असती तर वाचली असती.

झालं. खंड्याने उशीर केला. पाय घसरला तिचा, विहिरीला कठडा नव्हता पाटलांच्या, आणि उशीर केला खंड्याने. साळुबाईची जाऊ सरूबाई, म्हणजे सयाजी पाटलांची बायको, तिने तेराव्याला भर मांडवात बोट दाखवून हे म्हटलं, आणि त्या दिवसापासून अण्णा समोरून आले की ती तोंड फिरवायची. सोळा वर्षं. अण्णांनी कधी उलट शब्द काढला नाही. पण त्या दिवसानंतर ते मध्येच, भाकरी मोडता मोडता, म्हणायचे, "मी उजवीकडं गेलो. ती डावीकडं व्हती." मग पुन्हा भाकरी मोडायचे. तळ बघायची हौस त्यांना कुठून आली, हे मला समताच्या त्या माहितीपत्रकापाशी उमगलं.

तर २००७ च्या मे महिन्यात आम्ही मुंबईच्या विमानतळावर पोचलो, आणि आमच्या सहलीच्या पिवळ्या टोप्या घातलेल्या घोळक्यात मला पहिले कोण दिसावेत? सयाजी पाटील आणि सरूबाई. द्राक्षाचे पैसे झाले होते, मुलाने आईबापांना परदेशी पाठवलं होतं. एजंट एकच, सहल एकच.

"आरं खंड्या," पाटील सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "तू बी इमानात बसाय लागला व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "पाटील, माझ्या वडिलांचं नाव खंडूभाऊ आहे. तुमच्याइतकेच पैसे भरून आलेत ते."

"मंग मी काय वंगाळ बोललो? लाडानं म्हनतो आमी."

ह्यांनी माझा दंड धरला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं." आमच्या घराण्याच्या दारावर एखादी पाटी लावायची झाली तर 'राहू दे गं' एवढीच लावावी लागेल. सरूबाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या टोपी पदराखाली ढकलत उभ्या राहिल्या.

चार दिवस मी बागा पाहिल्या, धबधबे पाहिले, आणि रोज नाश्त्याच्या टेबलावर "खंड्या, पाव घे की" ऐकलं. पाचवा दिवस पाणबुडीचा. अण्णा पहाटेच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून खोलीच्या दारात बसले होते. किनाऱ्यावर कंपनीचं छोटं कार्यालय होतं. आमचा सहलप्रमुख ऋषी, पुण्याचा सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याने प्रत्येकाच्या हातात एक अर्ज दिला. नाव, वय, व्यवसाय. हृदयविकार आहे का, दमा आहे का, कानाचा काही त्रास आहे का. खाली सही.

अण्णांचा अर्ज मी भरायला घेतला. व्यवसायाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. शाळेत असताना 'वडिलांचा धंदा' या ओळीवर मी दर वर्षी 'शेती' लिहायची. एक एकर होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण लाज हेच होतं. विहिरीतून मढी काढणाऱ्याची मुलगी म्हणून वर्गात कोण शेजारी बसलं असतं? आज मी बँकेत अधिकारी आहे, माझ्या सहीने लोकांची कर्जं मंजूर होतात. आज कसली लाज? मी ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: पाणबुड्या, चाळीस वर्षं. कानाच्या रकान्यात लिहिलं: हो, डावा कान, याच कामात गेला. लिहून झाल्यावर मी तो कागद दोनदा वाचला. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला, अण्णांकडे पाहिलं आणि कागद परत सरकवला. त्या काय म्हणाल्या ते ऋषीने सांगितलं. कान अशा पद्धतीने गेला असेल तर डॉक्टरचं पत्र लागेल, नाहीतर खाली नेता येणार नाही.

"तुमच्याच पत्रकात लिहिलंय," मी म्हटलं, "की आत हवेचा दाब बदलत नाही, कानाला काही होत नाही. मग कान चांगला असला काय आणि गेलेला असला काय?"

"मॅडम, रूल आहे," ऋषी म्हणाला.

"हा माणूस कमरेला दोर बांधून साठ फूट खाली जाऊन आलाय. एकदा नाही, हजारदा. त्याला तुम्ही खुर्चीत बसून खाली जाऊ देणार नाही?"

"तेच ना मॅडम, तुम्ही हे सगळं लिहायलाच नको होतं. सगळे 'नो' लिहितात."

सगळे म्हणजे कोण, ते बघायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या खिडकीवर सयाजी पाटलांच्या अर्जावर शिक्का पडत होता. गेल्याच दिवाळीत पुण्याला त्यांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली होती, साखर तीनशेच्या घरात, हे सगळ्या बसला त्यांनीच चार दिवसांत तीन वेळा ऐकवलं होतं. अर्जावर सगळीकडे 'नो'. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पाटील माझ्याजवळ आले आणि कीव केल्यासारखं म्हणाले, "पोरी, शिकली सवरली तू. आसल्या फारमावर कुणी खरं लिवतं का?"

मी त्यांना काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अण्णा पुढे झाले. ते रागावलेले नव्हते. वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे ते टोपी हातात धरून उभे होते. "यशू," ते म्हणाले, "दुसरा कागद घे. काय लिवायचं ते लिव. पर मला खाली जाऊ दे."

ऋषीने पहिला अर्ज फाडून टोपलीत टाकला आणि कोरा आणून दिला. व्यवसाय: शेतकरी. हृदय: नाही. दमा: नाही. कान: नाही. शाळेत होते तेच अक्षर, तोच शब्द. माझ्या हाताने मी अण्णांची चाळीस वर्षं खोडली आणि खाली त्यांचा अंगठा नाही, सही घेतली. सही करायला ते साठाव्या वर्षी समताकडून शिकले होते. यावेळी आम्ही दुसऱ्या खिडकीवर गेलो. शिक्का पडला. एका धडधाकट शेतकऱ्याला समुद्राखाली जायची परवानगी मिळाली.

आईने पाणबुडीला लांबूनच हात जोडले आणि समताला घेऊन, आम्हाला पाणबुडीपर्यंत आणलेल्या मोठ्या होडीवर थांबली. समताला खाली यायचं होतं, पण जागा दहाच होत्या आणि आजीला एकटी कशी ठेवायची म्हणून तीच म्हणाली, आजोबांनी बघितलं की मला सांगतील.

पाणबुडीत शिरायला वरच्या झाकणातून शिडी होती. आत दोन्ही अंगांना पाच-पाच गोल खिडक्या, मध्ये पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्या. आमच्या रांगेत मी, अण्णा, सयाजी पाटील, सरूबाई आणि टोकाला चालकाजवळ ऋषी. हे पलीकडच्या रांगेत. नशीब बघा, दहा माणसांत अण्णांच्या मांडीला मांडी लावून पाटीलच बसले.

झाकण बंद झालं आणि खिडकीवरून पाणी चढायला लागलं. अण्णांनी सवयीने छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अण्णा, सोडा. इथे हवा आहे." त्यांनी तो हळूहळू सोडला आणि ओशाळून हसले.

आधी हिरवं, मग निळं, मग आणखी निळं. मासे आले. पाटील म्हणाले, "आयला, ह्ये तर आपल्या हौदातल्यापरीस मोठं." अण्णांचं कपाळ काचेला टेकलेलं होतं. मग खालून पांढरी वाळू वर आली, तिच्यावर खडक, खडकांना चिकटलेली झुडपं. पाणबुडी तळापासून हातभर उंचीवर थांबली. सगळं स्पष्ट दिसत होतं, पण एकाच रंगाचं, राखेसारखं.

"ह्यो तळ," अण्णा म्हणाले. मला वाटलं, चला, सगळ्या अपमानाचं सार्थक झालं. माझी समजूत जेमतेम मिनिटभर टिकली.

चालकाने एक खटका दाबला. पाणबुडीच्या नाकावरचे दोन दिवे लागले आणि समोरच्या खडकाचा रंग एकदम लालभडक झाला. झुडपं पिवळी, जांभळी झाली. कपारीच्या आत, जिथे आतापर्यंत नुसता काळोख होता, तिथे एक मासा डोळे वटारून बसलेला दिसला. सगळ्यांनी आ वासला. अण्णांनी मात्र काचेवरून कपाळ काढलं.

"ऋषीभाऊ," त्यांनी हाक मारली, "ह्यो दिवा पाण्यात कसा काय लागला?"

"वॉटरप्रूफ असतो काका. पाणी आत जात नाही."

"मोठ्या बोटीलाच बसतो का?"

"नाही नाही, हातात धरायचेसुद्धा असतात. बॅटरीसारखे. पाणबुडे लोक तेच वापरतात."

"आताच निघालेत?"

ऋषीने चालकाला विचारलं. "नाही काका. ते म्हणतात, त्यांच्या वडिलांकडेही होता. तीस-चाळीस वर्षं झाली असतील. आपल्याकडे मुंबईत केव्हापासूनच मिळतात."

अण्णांनी त्या दिव्याकडे आणि उजळलेल्या कपारीकडे पुन्हा पाहिलं. मग ते पाटलांकडे वळले. मी अण्णांना माझ्या आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवताना पाहिलं नाही. त्यांनी तो तेव्हाही चढवला नाही.

"पाटील," ते म्हणाले, "एकोणनव्वद साली मी पंचायतीत आलो व्हतो. तुमी खुर्चीत व्हता. मी म्हनलो, विहिरीत काय दिसत न्हाई, मानूस बुडालं तर हाताला लागाया येळ जातो. पाण्यात चालंल असा एकांदा दिवा मिळतो का बघा. तुमी दर पंधरा दिसाला माल घिऊन मुंबईला जात व्हता, तितं इचारा म्हनलो."

पाटील काचेकडे बघत होते.

"तुमी हसला. म्हनला, आरं खंड्या, पाण्यात कुटं दिवा लागतो व्हय, डोक्यातलं तेल संपलं का तुज्या. सगळी पंचायत हसली. मी बी हसलो. मला वाटलं, शिकल्याली मानसं हायेत, आपलंच काय तरी चुकलं."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नसणार. मी जन्मभर एका हाकेवर रागावत आले होते, 'खंड्या' का म्हणता म्हणून. आज सकाळी एका रकान्यावर भांडले. आणि या माणसाने स्वतःहून एकदा काही मागितलं होतं, ते स्वतःसाठीही नव्हतं, आणि त्याला हसून परत पाठवलं होतं. दोन वर्षांनी त्याच्याच माथी उशीर मारला. माझा राग इतकी वर्षं भलत्याच जागी खर्च होत होता, याचा मला त्या क्षणी जितका संताप आला तितका दुसऱ्या कशाचा आला नाही.

"तवा कुणाला ठाव व्हतं, खंडूभाऊ," पाटील म्हणाले. भाऊ म्हणायला त्यांना पस्तीस मीटर खाली यावं लागलं.

"ठाव नसंल. पर इचारलं बी न्हाई," अण्णा म्हणाले. "दिवा असता तर मी पयल्या बुडीला डावीकडं गेलो असतो. उशीर मी केला न्हाई, पाटील."

ऋषी चालकाला काहीतरी सांगत होता. पलीकडच्या रांगेतल्या कुणाला तरी कासव दिसलं होतं आणि त्या बाजूला गडबड उडाली होती. आमच्या बाजूला कुणी हललं नाही. मग पाटलांच्या पलीकडून आवाज आला. सोळा वर्षांत मी सरूबाईंचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता.

"यांनी दिवा मागितला व्हता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"आगं, त्या टायमाला..."

"मागितला व्हता का न्हाई, तेवडंच सांगा."

"व्हता."

"आन तुमी हसला."

"ते बग, कासव तिकडं आलंय," असं काहीतरी पुटपुटत पाटलांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

सरूबाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना आत ओढलं. "भाईर काय बघता," त्या म्हणाल्या. "मांडवात मी या मानसाला बोट दाखवलं, तवा तुमी माज्या शेजारी हुबं व्हता. तवा का बोलला न्हाईत? साळू माज्या संगं एका ताटात जेवायची. हिकडं माज्याकडं बघा."

पाणबुडी वर यायला अजून वीस मिनिटं होती. अण्णा पुन्हा काचेला कपाळ लावून त्या दिव्याच्या उजेडात तळ बघत बसले. सरूबाईंनी मात्र वर येईपर्यंत पाटलांची बाही सोडली नाही, आणि त्यांना एकदाही खिडकीकडे वळू दिलं नाही.